बातमीतली उल्का आणि कवितेतला मंगळ

१८५४ सालच्या वसंतात मंगळ सिंह राशीत होता. त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका ओळीत आले होते, मध्ये पृथ्वी. अशा वेळी मंगळ सूर्य मावळताच उगवतो, रात्रभर आकाशात असतो आणि एरवीपेक्षा बराच तेजस्वी दिसतो. हे सगळं आज गणिताने काढता येतं.

आता आल्फ्रेड टेनिसनचं ‘मॉड’ हे दीर्घकाव्य घ्या. ते १८५५ मध्ये प्रसिद्ध झालं. शेवटच्या भागात नायकाच्या स्वप्नात त्याची प्रेयसी येते, होऊ घातलेल्या युद्धाबद्दल बोलते आणि मंगळाकडे बोट दाखवते. सिंहाच्या छातीवर तो तांबूस ढालीसारखा तळपतो आहे, असं टेनिसन लिहितो. आसपासच्या ओळींत डॅफोडिलची फुलं सुकत चालली आहेत, मृग नक्षत्र पश्चिमेला पार खाली गेलं आहे आणि त्याच्या वर सारथी आणि मिथुन ही तारकामंडळं मुकुटांसारखी झळकत आहेत. इंग्लंडमध्ये मृग संध्याकाळी असा मावळतीला टेकतो तो एप्रिलमध्ये. डॅफोडिलचा बहरही तेव्हाच ओसरतो. ब्रिटनने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते २८ मार्च १८५४ रोजी.

फूल, नक्षत्रं, ग्रह आणि राजकारण, चारही गोष्टी एकाच महिन्यावर येऊन थांबतात. मंगळ हा रोमन लोकांचा युद्धदेव, म्हणून कवीने तो सोयीने तिथे आणून बसवला असेल असं वाचकाला सहज वाटतं. पण त्याला काहीच आणावं लागलं नव्हतं. टेनिसन तेव्हा इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर नुकताच राहायला आला होता आणि त्या वसंतात त्याच्या डोक्यावरचं आकाश खरोखर तसंच होतं.

मला हे उदाहरण फार आवडतं. बातमी म्हणजे खरं आणि कविता म्हणजे कल्पना, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. आकाशाच्या बाबतीत ती कित्येकदा टिकत नाही. शिवाय जुन्या काळचा दुसरा कुठलाही साक्षीदार आपण पुन्हा उभा करू शकत नाही, आकाश मात्र करू शकतो.

तेही सगळं आकाश नाही. सूर्य, चंद्र, ग्रह, ग्रहणं, आणि ठरावीक काळाने परतणारे धूमकेतू यांचं गणित मागे नेता येतं. १७९४ मधल्या अमुक रात्री चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ होता हे आज नेमकं सांगता येतं. त्यामुळे इथे आकाश मजकुराची परीक्षा घेतं. उल्का आणि ध्रुवीय प्रकाश यांचं मात्र असं गणित नसतं. आकाशात एक आगीचा गोळा आला, अर्ध्या मिनिटात संपला. कुणी लिहून ठेवलं नसतं तर तो कधी आला होता हे कुणालाच कळलं नसतं. तिथे माणसांचे शब्द हाच पुरावा. म्हणून जुनी बातमी किंवा कविता हातात आली की पहिला प्रश्न हा विचारावा: यातली गोष्ट मोजून तपासता येणारी आहे की फक्त ऐकून घेण्याची?

त्याआधी तारखेची भानगड सोडवावी लागते. भलेभले वाचक इथे अडखळतात. ब्रिटनने आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्यापूर्वीच्या अर्धशतकात ब्रिटिश तारीख युरोपातल्या बऱ्याच देशांच्या अकरा दिवस मागे होती. वर आणखी एक गुंता होता: इंग्लंडचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग मागच्याच वर्षात मोजला जाई. आपण ज्या रात्रीला १७ मार्च १७१६ म्हणतो, ती तिथल्या कागदपत्रांत ६ मार्च १७१५ अशी सापडू शकते. दहा-अकरा दिवसांत चंद्र पौर्णिमेवरून जवळजवळ अमावास्येपर्यंत जातो. तारीख चुकली तर पुढचं सगळं चुकलं.

१७ मार्च १७१६ ही तारीख मुद्दाम घेतली. त्या रात्री जवळजवळ सगळ्या ब्रिटनने आकाशात प्रकाशाचे स्तंभ, लाटा आणि ज्वाळा पाहिल्या. ध्रुवीय प्रकाशच होता तो. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि उंचावरच्या हवेतल्या अणूंवर आदळून त्यांना प्रकाश द्यायला लावतात. सूर्य जोरात असेल तर हा प्रकाश ध्रुवापासून दूर, दक्षिणेकडेही दिसतो. पण साधारण १६४५ पासून १७१५ पर्यंत सूर्य कमालीचा शांत होता, डागसुद्धा क्वचित दिसायचे. त्यामुळे इंग्लंडमध्ये एक अख्खी पिढी हा प्रकाश न पाहता म्हातारी झाली. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तो, तेव्हा ५९ वर्षांचा होता आणि त्याने तोवर ध्रुवीय प्रकाश पाहिलेला नव्हता. त्या रात्री तो पाहून त्याने रॉयल सोसायटी या लंडनच्या वैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला आणि कारण पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जोडलं. सगळा तपशील त्याला जमला नाही, पण दिशा बरोबर होती.

लोकांनी मात्र वेगळाच अर्थ लावला. थोड्याच दिवसांपूर्वी, त्यांच्या तारखेने २४ फेब्रुवारीला, लंडनच्या टॉवर हिलवर डर्वेंटवॉटरच्या तरुण अर्लचा शिरच्छेद झाला होता. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या १७१५ च्या जॅकोबाइट बंडात तो सामील होता. उत्तर इंग्लंडात त्याच्याबद्दल हळहळ होती, आणि आकाश तांबडं झालेलं पाहून लोकांनी ते त्याच्या मृत्यूशी जोडलं. तिकडे ध्रुवीय प्रकाशाला ‘लॉर्ड डर्वेंटवॉटरचे दिवे’ हे नाव पडलं आणि पुढे कितीतरी पिढ्या ते टिकलं.

या दोन्ही प्रतिक्रिया एकत्र पाहायच्या तर जेम्स थॉमसनच्या कवितेकडे जावं लागतं. त्याच्या ‘द सीझन्स’ या काव्यातला शरद ऋतूचा भाग १७३० मध्ये आला. त्यात आकाशात प्रकाश उसळतो आणि घाबरलेल्या जमावाला त्यात सैन्यं दिसतात, भाले दिसतात, रक्ताने माखलेली रणभूमी दिसते. एकाचं ऐकून दुसरा सांगतो, भीती वाढत जाते, पूर, दुष्काळ, राज्य बुडणं, सगळं भाकीत होऊन जातं. मग थॉमसन एका चिकित्सक माणसाकडे वळतो. तो घाबरत नाही, निरखून पाहतो, आणि या सुंदर, नव्या दृश्याची अजून निश्चित न झालेली कारणं शोधू लागतो. ‘नव्या’ हा शब्द नुसता अलंकार नाही. सूर्याच्या शांततेमुळे थॉमसनच्या काळच्या माणसांना ते दृश्य खरोखरच नवं होतं. आणि अफवा जमावात कशी फुगते याचं त्याने केलेलं वर्णन मी कुठल्याही बातमीपेक्षा नेमकं मानतो. जमावाला काय दिसलं ते बातमी सांगते. ते दिसत कसं गेलं, ते थॉमसन सांगतो.

आता १७८३. या एका वर्षावर जितकं लिहावं तितकं थोडं आहे.

८ जूनला आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखीची भेग फुटली. गंधकाचे वायू युरोपवर पसरले आणि उन्हाळाभर एक कोरडं, उग्र धुकं रेंगाळत राहिलं. सेलबोर्न या गावचा निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट लिहितो की भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्राइतका फिका होता, जमिनीवर आणि घरातल्या फरशीवर गंजासारखा तांबूस प्रकाश पडायचा, आणि उगवताना-मावळताना सूर्य रक्तासारखा दिसायचा. याचं कारण आइसलँडमध्ये आहे हे गावातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इटलीच्या कालाब्रिया प्रांतात भीषण भूकंप झाले होते आणि त्यांच्या बातम्या अजून ताज्या होत्या.

अशात १८ ऑगस्टच्या रात्री नऊच्या पुढे एक प्रचंड उल्का ब्रिटनच्या पूर्व बाजूवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली. स्कॉटलंडच्या पार उत्तरेपासून इंग्लंडच्या आग्नेय टोकापर्यंत लोकांनी ती पाहिली. विंडसर किल्ल्याच्या गच्चीवर त्या वेळी टायबेरियस कवालो हा भौतिकशास्त्रज्ञ, थॉमस सँडबी आणि आणखी काही मंडळी उभी होती. अशी जाणती माणसं नेमक्या क्षणी नेमक्या ठिकाणी हजर असणं हे आपलं मोठं भाग्य. थॉमसचा भाऊ पॉल सँडबी चित्रकार होता. त्याने केलेल्या चित्रात गच्चीवरची माणसं दिसतात आणि वर उल्केच्या निरनिराळ्या अवस्था: आधी एक गोळा, मग मागे शेपूट, मग तुटून एकामागोमाग धावणारे छोटे गोळे.

कवालोने पुढे जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे. उल्का दिसेनाशी झाल्यावर सुमारे दहा मिनिटांनी त्याला लांबवर मेघगर्जनेसारखा आवाज ऐकू आला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, म्हणजे आवाजाचं मूळ जवळजवळ २०० किलोमीटरवर. इतक्या लांबची वस्तू क्षितिजापासून २५ अंश वर दिसली, तर ती जमिनीपासून नव्वदेक किलोमीटर उंच असते. शाळेतल्या त्रिकोणमितीत एवढं बसतं. कवालोचं उत्तर आलं सुमारे ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. आज आपल्याला माहीत आहे की उल्का साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर पेटतात. घड्याळ, कान आणि अंदाजाने मोजलेला कोन, एवढ्या सामग्रीवर काढलेलं हे उत्तर आहे. मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

चार्ल्स ब्लॅगडन या डॉक्टरने देशभरची वर्णनं जमवून १७८४ मध्ये मोठा लेख लिहिला. त्याने काढलेली उंची कवालोच्या उत्तराच्या जवळ होती, पण कारण मात्र त्याने विजेचं दिलं. आकाशातून दगड पडतात ही कल्पना तेव्हा सुशिक्षितांना गावठी वाटायची.

आणि कविता? विल्यम कूपर तेव्हा बकिंगहॅमशायरमधल्या ऑल्नी या गावी राहत होता. त्याचं ‘द टास्क’ १७८५ मध्ये आलं. दुसऱ्या सर्गात तो म्हणतो की खालून अग्नी आणि वरून उल्का, अपशकुनी, अभूतपूर्व, कुणालाच न उलगडलेल्या, यांनी आकाशात इशाऱ्याचे जाळ पेटवले. म्हाताऱ्या पृथ्वीला वारंवार कापरं भरलं. निसर्ग जणू मंद, आजारी डोळ्याने सगळ्याच्या अंताची वाट बघतो आहे, असंही तो लिहितो. कूपरला यात दैवी कोप दिसत होता, त्याची श्रद्धाच तशी होती. पण मला मोलाची वाटते ती त्याने ओळींखाली दिलेली टीप: उल्केसाठी चक्क तारीख, १८ ऑगस्ट १७८३, आणि धुक्यासाठी हे की त्या उन्हाळाभर ते युरोप आणि आशियावर पसरलं होतं. कवी स्वतःच्या कवितेला बातमीची तारीख जोडतो आहे. ‘हे मी रचलेलं नाही, घडलेलं आहे,’ असंच जणू त्याला बजावायचं आहे.

बातमी आणि कविता या दोन्हींशी नातं असलेला एक माणूस याच कथेत पुढे येतो. एडवर्ड टॉफमने १७८७ मध्ये लंडनमध्ये ‘द वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. त्यात भडक, भावविवश प्रेमकविता छापून यायच्या आणि शहर त्यांच्यावर फिदा होतं. पुढे तो वर्तमानपत्राच्या धंद्यातून बाहेर पडून यॉर्कशायरमधल्या आपल्या जमिनीवर गेला. १३ डिसेंबर १७९५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास तिथे, वोल्ड कॉटेज या त्याच्या वास्तूजवळ, आकाशातून ५६ पौंडांचा दगड पडला. वरची माती भेदून तो खालच्या खडूच्या थरात रुतला. जवळच त्याचा एक शेतगडी होता. टॉफम स्वतः तेव्हा लंडनमध्ये होता.

परतल्यावर त्याने आपला जुना धंदा पणाला लावला. साक्षीदारांचे जबाब घेतले, ते छापले, दगड लंडनला नेऊन पिकॅडिलीत एक शिलिंग तिकिटाने दाखवला आणि १७९९ मध्ये पडल्या जागी विटांचा स्तंभ उभारला. तो स्तंभ आजही आहे आणि दगड लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तिकीट लावून दगड दाखवणं हा तमाशा म्हणून हसून सोडता येईल, पण मला ते मान्य नाही. जबाब आणि दगड दोन्ही एका जागी राहिले, म्हणूनच एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाला १८०२ मध्ये तो तपासता आला. त्याच अभ्यासात डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ पडलेले दगडही होते. यॉर्कशायर आणि बनारस, हजारो किलोमीटरचं अंतर, आणि दोन्हीकडच्या दगडांतल्या लोखंडात निकेल सापडलं. ते ज्या जमिनीवर पडले तिथल्या खडकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. हे दगड आकाशातून येतात हे यानंतर नाकारणं कठीण झालं.

कवींवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मात्र मी म्हणणार नाही. कोलरिजच्या ‘एन्शंट मॅरिनर’मध्ये चंद्रकोरीच्या खालच्या टोकाच्या आत एक तेजस्वी तारा दिसतो. हे अशक्य आहे. कोरीच्या आतला भाग काळा दिसतो, पण तिथेही चंद्रच असतो. तारा त्याच्या मागे झाकला जाणार, पुढे येणार नाही. कवीला चूक म्हणून मोकळं व्हावं, तर एक नोंद आडवी येते. ७ मार्च १७९४ रोजी नॉर्विच शहरात विल्यम विल्किन्स नावाच्या गृहस्थाने चंद्राच्या काळ्या भागात ताऱ्यासारखा प्रकाश पाहिल्याचं कळवलं आणि ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्या रात्री चंद्र रोहिणीच्या ताऱ्यावरून जात होता. तारा चंद्राच्या कडेला टेकला की तेजामुळे तो आत शिरल्यासारखा भासू शकतो. कविता १७९८ ची. कोलरिजच्या कानावर ही नोंद गेली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. म्हणजे अशक्य ओळीच्या मागेही खरी रात्र असू शकते.

कीट्सची गोष्ट थोडक्यात. चॅपमनने अनुवादलेलं होमरचं काव्य वाचून लिहिलेल्या त्याच्या सुनीतात, आकाश न्याहाळणाऱ्याच्या दृष्टीत अचानक नवा ग्रह तरंगत येतो. ते सुनीत १ डिसेंबर १८१६ रोजी ‘द एक्झॅमिनर’ या साप्ताहिकात छापून आलं. ओळीमागे विल्यम हर्शेल आहे. त्याने १३ मार्च १७८१ रोजी बाथमधल्या आपल्या घरातून युरेनस शोधला. फक्त त्या रात्री त्याला ग्रह ‘दिसला’ नव्हता. त्याला तो धूमकेतू वाटला आणि रॉयल सोसायटीला त्याने तसंच कळवलं. ग्रह असल्याचं इतरांच्या गणितानंतर पुढच्या काही महिन्यांत पक्कं झालं. कीट्सने महिन्यांचं काम एका क्षणात आणलं. सुनीत म्हणून ते अप्रतिम आहे. शोध कसा लागतो याचा पुरावा म्हणून ते वापरू नये.

वर्तमानपत्रांचे दोष वेगळ्या जातीचे. जुनी पत्रं एकमेकांचा मजकूर जसाच्या तसा उचलत. पाच गावांच्या पत्रांत एकच वर्णन दिसलं तर साक्षीदार पाच नसून एकच असण्याची शक्यता मोठी. वेळा स्थानिक असत; ब्रिस्टलचं घड्याळ लंडनच्या दहा मिनिटं मागे चालायचं आणि ग्रीनिचची वेळ देशभर कायद्याने लागू झाली ती १८८० मध्ये. शिवाय लोकांना जे भय असतं तेच आकाशात दिसतं. १९१३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटिश पत्रांत रात्रीच्या गूढ विमाननौकांच्या बातम्यांचा पूर आला. झेपेलिन या जर्मन विमाननौकांची धास्ती होती. कार्डिफपासून यॉर्कशायरपर्यंत लोकांनी पश्चिमेला तेजस्वी दिवा पाहिला. त्या महिन्यांत शुक्र संध्याकाळी पश्चिमेला झळाळत होता आणि रात्री नवाच्या पुढेही मावळत नव्हता. प्रत्येक बातमी शुक्राची नसेल, पण पश्चिमेच्या स्थिर, तेजस्वी दिव्याची बातमी वाचताना आधी शुक्राचा हिशेब करावा.

हे सगळं घरबसल्या करता येतं. जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्रांचा मोठा संग्रह आता संगणकावर शोधता येतो. अठराव्या शतकातला मजकूर शोधताना एक ध्यानात ठेवा: तेव्हाच्या छपाईत इंग्रजी ‘एस’ लांबट असायचा आणि संगणक त्याला ‘एफ’ समजतो, म्हणून ‘स्टार’ शोधून न सापडल्यास ‘फ्टार’ शोधून पाहा. आकाशासाठी ‘स्टेलॅरियम’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात जागा आइल ऑफ वाइट आणि तारीख एप्रिल १८५४ टाका, संध्याकाळ करा, दक्षिणेला सिंह राशीतली मघा शोधा आणि तिच्या आसपास मंगळ बघा. १५८२ नंतरच्या तारखा हे सॉफ्टवेअर ग्रेगोरियन धरतं, तेव्हा १७५२ पूर्वीची ब्रिटिश बातमी तपासताना तारखेत दिवस मिळवून घ्यायला विसरू नका: १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या तारखांना दहा, नंतरच्यांना अकरा.